चौकोनांचं धान

माझ्या हातून आजवर पुष्कळ लोकांचं धान वाळलं आहे. त्यातले बहुतेक मला ओळखत नाहीत. काहींनी आयुष्यात धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पाहिलेली नाही, आणि काही जण तर समुद्रापलीकडे राहतात. तरी वाळलं ते माझ्यामुळेच. संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असं कळवलं तेव्हा आधी हेच मनात आलं, म्हणून आधी सांगून टाकलं.

मी संगणकावर खेळायचे खेळ तयार करतो. अर्जुनी मोरगावपासून थोडं आत आमचं गाव आहे, तिथे घराच्या पुढच्या खोलीत बसून एकटाच करतो. गावात या धंद्याला नाव नाही. घरात संगणक दिसतो म्हणून लोक आधार कार्डाची प्रत काढायला, सातबारा उतरवायला आणि मोबाईलची फुटलेली काच बदलायला येतात. पहिली दोन कामं मी करून देतो. काच बदलता येत नाही याचं मला वाईट वाटतं आणि मी तसं प्रत्येकाला सांगतो. माझा स्वभावच तसा. बसमध्ये कोणाचा पाय माझ्या पायावर पडला तर माफी मी मागतो. माझी बायको सुनंदा आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ती म्हणते, “याच्यावर गोळी निघाली असती तर मी तुम्हाला जेवणाआधी दिली असती.”

हा स्वभाव खेळ बनवणाऱ्याला परवडत नाही. का परवडत नाही ते कळायला धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

कोणत्याही व्हिडिओ गेममध्ये दोन गोष्टी असतात. एक, पडद्यावर दिसतं ते. दुसरी, तुम्ही काहीतरी करता, त्याचं काहीतरी होतं, आणि जे झालं त्यामुळे तुम्हाला पुन्हा काहीतरी करावं लागतं. पहिलीला ग्राफिक्स म्हणतात, दुसरीला गेमप्ले. आमच्याकडे देवळाच्या ओट्यावर कोळशाच्या रेघा ओढून वाघ-बकरी खेळतात. मोठा खडा वाघ, बारके खडे बकऱ्या. बकरीला पाय का नाहीत असं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. वाघ तीन बाजूंनी कोंडला गेला की मात्र म्हातारी माणसंसुद्धा उकिडवी बसतात. गेमप्ले म्हणजे ते उकिडवं बसणं.

हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत होतो आणि तिथे माझ्याकडे गवत होतं. म्हणजे एका लढाईच्या खेळात वाऱ्यावर गवत हललं पाहिजे, तर ते हलवणं हे माझं काम. मी ते मन लावून केलं. वारा कुठून येतो त्याप्रमाणे पाती वाकायची, पाऊस पडला की जड व्हायची. खेळ बाजारात आला तेव्हा मी एका दुकानात उभा राहून लोकांना खेळताना पाहिलं. ते त्या गवतावरून पळत जात होते आणि पळता पळता एकमेकांना गोळ्या घालत होते. गवताकडे पाहायला फुरसत मिळायची ती फक्त मेल्यावर, आडवं पडल्यावर. तेव्हाही पडद्यावर मोठी लाल अक्षरं यायची आणि गवत त्यांच्यामागे झाकलं जायचं.

मी नोकरी सोडून गावी आलो. सुनंदाने मला एक दिवाळी ते दुसरी दिवाळी इतका वेळ दिला. तेवढ्यात स्वतःचा खेळ बाहेर पडला नाही, तर तालुक्याच्या एका शाळेत संगणक शिकवायला जायचं. जागा रिकामी होती, शाळेचे लोक थांबायला तयार होते. मास्तरकीत कमीपणा नव्हताच. पण मला कोणाला नापास करता येणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. “सगळी शाळा पास करून ठेवाल आणि मग त्याचंही वाईट वाटून घ्याल,” ती म्हणाली.

मी जो खेळ करायला घेतला त्याचं नाव ‘तुडुम’. आमच्या भागात गावोगावी जुने तलाव आहेत. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायची जी मोरी असते ती तुडुम. त्यातून पाणी पाटात उतरतं आणि पाटाच्या कडेने एकामागून एक बांध्या भरत जातं. वरच्या बांधीला आधी, टोकाच्या बांधीला शेवटी, उरलं तर. गावातला एक माणूस तुडुम उघडतो आणि पाट राखतो, त्याला पाणकर म्हणतात. माझ्या खेळात खेळणारा हा पाणकर होता. तलावात पाणी मोजकं, बांध्या आठ, ऊन वाढत चाललेलं. कोणाची बांधी कधी उघडायची ते त्याने ठरवायचं.

मला चित्र काढता येत नाही. म्हणून तलाव हा निळा आयत, बांध्या हिरवे चौकोन आणि सूर्य हा पिवळा चौकोन. बांधीचा मालक तपकिरी चौकोन. तहान लागली की हिरवा चौकोन पिवळा पडत जायचा आणि वाळला की मातकट व्हायचा.

पुण्यात रेवती नावाची एक मुलगी आहे. माझ्यासारख्या एकट्यादुकट्या लोकांचे बारके खेळ निवडून ती जगभर विकायला ठेवते. तिला मी सुरुवातीचा तुकडा दाखवला होता. “कल्पना आवडली, दादा,” ती म्हणाली. “चौकोन आहेत ते असू देत. खेळता येईल असा करून दसऱ्यापर्यंत पाठवा. पण आधी माणसांवर तपासा.”

माणसांवर तपासायची एक रीत आहे. ज्याने खेळ कधी पाहिलेला नाही असा माणूस बसवायचा आणि आपण त्याच्या मागे गप्प बसायचं. काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही, खोकायचंही नाही. तो जिथे अडेल तिथे आपली चूक. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याला अडलेलं पाहत गप्प बसायला लावणं म्हणजे काय ते सांगत नाही.

पहिला माणूस म्हणून मी आमच्या गावच्या खऱ्या पाणकरालाच बोलावलं. गोविंदा त्याचं नाव. त्याच्या वडिलांनीही हेच काम केलं. तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं, निळ्या आयतावर बोट ठेवलं.

“हा तलाव.” मी गप्प.

“आन् हा तुडुम. तुडुमच आहे. मंग ठीक आहे.” असं म्हणून तो मागे सरला आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसला.

पडद्यावर सूर्य वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. टोकाचा चौकोन पिवळा पडायला लागला. गोविंदा बसलेला. त्याच वेळी मुरारी काका सातबारा काढायला आले. खऱ्या तलावाच्या तुडुमाला लागून पहिली बांधी आहे ती यांची. ते थोडा वेळ उभे राहून पाहत होते.

“बटन काऊन दाबून नाई राहिला रे?”

“मिटिंग कुठं झाली?” गोविंदा म्हणाला.

“कोनती मिटिंग?”

“पानी सोडाची. मिटिंगीत ठरल्याशिवाय मी तुडुमाले हात लावत नाई. माह्या बापानं नाई लावला.”

“अबे, हे खोटं आहे.”

“खोटं आहे तर मंग सोडाची घाई कायले?”

मुरारी काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येत नव्हतं, रीत होती. मी छताकडे पाहिलं. एकेक करून आठही चौकोन मातकट झाले, आणि ‘गावाचं पीक बुडालं’ अशी अक्षरं आली. गोविंदाने ती सावकाश वाचली.

“वाळलं,” तो उठत म्हणाला. “पन नेमानं वाळलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारी काकांनी मिटिंग बोलावली. मी विनवून पाहिलं की काका, हा नुसता खेळ आहे. ते म्हणाले, “वरून पहिला चौकोन कोनाचा आहे?” कोणाचाच नाही, मी म्हणालो. मी आठ काढले कारण पडद्यावर आठ मावले. “वरून पहिला मीच,” ते म्हणाले. “दुसरा कोन राहीन? माही बांधी पान्यापाशी राहून वाळली, लोक हासून राहिले.”

समाजमंदिराच्या ओट्यावर वायर ओढून लॅपटॉप मांडला. खऱ्या मिटिंगला येतात त्याहून जास्त लोक आले. पाटाच्या अगदी टोकाला जिची बांधी आहे ती भागामावशीही आली. ती एकटी राहते, एकटीच शेती करते, आणि तिच्या तोंडाला लागू नये असं गावात सगळे मानतात.

चर्चा सुरू झाली आणि पहिल्याच प्रश्नाला मी अडकलो.

“धान हलकं आहे का भारी?” कोणीतरी विचारलं. हलकं म्हणजे लवकर निघणारं, भारी म्हणजे उशिरा.

“नुसता हिरवा रंग आहे,” मी म्हणालो.

“भारी असन तर आत्ता पानी नोको.”

“हलकं असन तर काल द्याले पाह्यजे होतं.”

“दिनेश, तूच सांग बाबा. तूच रोवला ना.”

मी मध्यम म्हणालो. मध्यम नावाचं धान माझ्या माहितीत नाही, आणि त्यांच्याही नव्हतं, पण चहा आला होता. हात वर झाले. पहिलं पाणी द्यायचं ठरलं. गोविंदाने चप्पल काढून ठेवली, लॅपटॉपसमोर मांडी घातली, आणि ज्या बोटाने बटण दाबायचं ते आधी सदऱ्याला पुसलं.

निळा रंग पाटात उतरला तसे ओट्यावरचे लोक पुढे सरकले. पहिला चौकोन गडद झाला, दुसरा झाला. गोविंदा खऱ्या पाटावर जसं करतो तसंच करत गेला, वरून खाली. सातव्याला निम्मं पोचलं आणि तलाव संपला. आठवा वाळला.

भागामावशी उभी राहिली. “मुरारी, तुह्या घशात गाळ जाईन रे. बांधी भरली तरी तुहं पोट भरत नाई. धुऱ्यावरून पानी सांडून राहिलं तरी म्हनतोस अजून येऊ दे. तुह्या चुलीत बेंडक्या शिजन.”

मुरारी काका तिच्या शेजारीच बसले होते. “मावशी, मी इथं आहो. तो चौकोन आहे.”

“तुले कोन बोलून राहिलं? त्याले बोलून राहिली. तू चहा पे.”

तिने त्या चौकोनाला बराच वेळ धुतलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “परत लाव रे बाबू.” आम्ही संध्याकाळपर्यंत खेळत होतो. लोक उकिडवे बसले होते. ते पाहूनही मला कळलं नाही.

कारण त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. मुरारी काका म्हणाले, माझ्या चौकोनाचा कोपरा तलावाला टेकतो, मी तलावात अतिक्रमण केलं असं दिसतं. मी चौकोन सरकवला. तिसऱ्या चौकोनाचे म्हणवणारे भाऊ म्हणाले, आमची बांधी प्रत्यक्षात मोठी आहे. मी मोठी केली. मग चौथ्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्याच मोठ्या केल्या. कोणी म्हणालं, ऊन फार लवकर चढतं. मी सूर्य हळू केला. सहाव्याची बांधी वाळली त्याच आठवड्यात त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. ते अशुभ दिसतं म्हणून सहावा चौकोन वाळणारच नाही अशी सोय केली. आणि भागामावशीची बांधी रोज वाळते हे मला सहन होईना, म्हणून मी तलावात पाणी वाढवलं. एवढी एक गोष्ट इथे नोंदवतो की तक्रार करायला गावातले सगळे येऊन गेले, भागामावशी आली नव्हती. तिची दुरुस्ती मी आपणहून केली.

दसऱ्याच्या आधी खेळ असा झाला की त्यात कोणाचंही वाळत नव्हतं. तुडुम उघडा, बंद ठेवा, उलटा उघडा, आठही चौकोन हिरवेगार. माझ्या मनाला फार बरं वाटलं. लोक येऊन पाहायचे, “छान आहे,” म्हणायचे आणि घरी जायचे. ‘छान आहे’ म्हणजे या धंद्यात काय, ते मी तेव्हा शिकलो. ज्याला खेळात रस येतो तो छान म्हणत नाही. तो “थांब” म्हणतो.

रेवतीचा फोन आला. “दादा, मी तुमचा खेळ उघडला आणि चहा ठेवायला गेले. परत आले तर मी जिंकले होते.”

“अभिनंदन,” मी म्हणालो.

ती म्हणाली की असा खेळ तिला विकता येणार नाही, पण दिवाळीच्या आत मी काही केलं तर ती पाहील.

माणूस खरं कारण सोडून दुसरीकडे कसा धावतो ते पाहा. ज्याने आयुष्यातला चांगला काळ बिनकामाचं गवत हलवण्यात घालवला त्या मी असा निष्कर्ष काढला की चित्रं कमी पडत आहेत. तडक रेल्वेने गोंदियाला गेलो. तिथे संतोषभाऊ म्हणून फ्लेक्सचे बॅनर करणारे आहेत, शहरातल्या निम्म्या वाढदिवसांचे बॅनर त्यांच्या हातचे. त्यांना मी चौकोन दाखवले.

“भैया, किसान बनाना है ना? हो जाएगा,” ते म्हणाले. “फोटो दे दो.”

फोटो नाहीत, मी सांगितलं. मनाने काढा.

“तो बर्थडे किसका है?”

“कोणाचाच नाही.”

“ऐसा नहीं होता,” ते म्हणाले, पण काम घेतलं. आणि झटून केलं, त्यांना दोष नाही. आठ शेतकरी आले. आठही गोरे, पांढरे कुडते, हात जोडलेले, मागून सूर्याची किरणं फाकलेली. दोघांना काळा चष्मा होता. बांधीत पाणी शिरलं की ते किंचित मोठे व्हायचे.

समाजमंदिरात दाखवलं तेव्हा लोकांनी हात जोडले. कोणीतरी विचारलं, निवडणूक लागली का. मुरारी काका आपला चौकोन शोधत होते. “हा मी का?” ते पहिल्या शेतकऱ्याकडे पाहत म्हणाले. “हा कोन आहे? हा आपल्या गावचा नाई. याले कोन पानी देऊन राहिलं?” त्यांना खरंच राग आला होता. चौकोन होता तोवर तिथे ते स्वतः बसलेले होते. आता त्यांच्या जागेवर परका माणूस येऊन बसला होता, आणि तोही चष्मा लावून.

रेवतीने फोनवर एवढंच म्हटलं, “दादा, ते सगळे माझ्याकडे बघतात. मला भीती वाटली.”

दिवाळी जवळ आली. सुनंदाने माझे दोन सदरे इस्त्री करून ठेवले. शाळेत घालायचे.

त्या दिवसांत भागामावशी आधार कार्डाची प्रत काढायला आली. कागद मशीनमधून निघेपर्यंत ती पडद्याकडे पाहत होती.

“तो जुनावाला आहे का रे, बाबू?”

“कोणता?”

“ज्याच्यात माही बांधी वाळे.”

मी म्हणालो, मावशी, आता वाळत नाही. मी पाणी वाढवून दिलं. तुमचीही भरते.

“मी सांगतलं होतं का?”

“नाही, पण मला वाईट वाटत होतं.”

“तुले वाईट वाटते त तू घरी जाऊन झोप ना. माही बांधी कायले भरतोस?” ती खुर्चीत बसली. “हे पाय. खऱ्यात वाळते तवा मले तोंड उघडता येत नाई. काऊन का चिखलनीले ट्रॅक्टर मुरारीचाच आनाव लागते. आज त्याले बोलीन त उद्या तो म्हनन, डिझेल नाई. तुह्या त्याच्यात मी दिवसभर बोलली त्याले. तो शेजारी बसून चहा पेत होता. कित्ती वर्षाचं बोलली. आन् तू ते काढून टाकलं.”

मी माफी मागितली.

“माफी नोको मांगू. वाळव.”

मला जमेना. मी जुना हिशोब परत बसवायला घेतला. पाणी कमी करायची ओळ लिहायची, पुसायची. शेवटी सुनंदाला म्हणालो, की त्या बाईचं पीक मी मुद्दाम कसं जाळू. ती लसीकरणाच्या दिवसासाठी डबा भरत होती.

“सुई टोचली की लेकरं रडतात,” ती म्हणाली. “रडू नये म्हणून मी रिकामी सुई टोचून घरी पाठवू का?”

मग मी बसलो आणि लिहिलं. संतोषभाऊंचे शेतकरी काढले, चौकोन आणले. पाणी कमी केलं, सूर्य पूर्वीसारखा केला, सहाव्याची सोय काढून घेतली. आणि एक मोठा बदल केला. खेळणारा आता पाणकर नव्हता. तो आठांपैकी एका बांधीचा मालक, आणि कोणती बांधी वाट्याला येईल ते खेळ सुरू होईपर्यंत कळत नाही. बाकीच्या सात बांध्या संगणक चालवतो. भागामावशीच्या मागणीवरून एक बटण वाढवलं, बोंब मारायचं. ते दाबलं की वरचा चौकोन थरथरतो आणि लाजेकाजेस्तव थोडं पाणी खाली सोडतो. पण ते लक्षात ठेवतो. पुढे पाळ झिरपायला लागते, माती टाकायला सगळ्यांना बोलवावं लागतं, तेव्हा ज्याच्यावर तुम्ही बोंब मारली तो येत नाही. आणि मुकाट राहिलात तर पाळ वाचते, तुमचं धान वाचेलच असं नाही.

पहिल्यांदा खेळायला मुरारी काका बसले. त्यांच्या वाट्याला आठवी बांधी आली.

“हे चुकलं,” ते म्हणाले. “मी वर राहतो.”

मी गप्प. त्या दिवशी गप्प बसणं प्रथमच जरा सोपं गेलं, कारण बोललो असतो तर बदलून दिलं असतं.

पाणी सुटलं. वरचे चौकोन एकेक करून गडद होऊ लागले. काकांच्या पाटात निळा ठिपका येईना. त्यांनी बोंब मारली. थोडं आलं. त्यांना ते आवडलं, त्यांनी पाच-सहा वेळा मारली. मग पाळ झिरपली, त्यांनी सगळ्यांना बोलावलं, आणि एकही चौकोन जागचा हलला नाही. तलाव रिकामा झाला. काकांची बांधी मातकट झाली. ते ओट्यावर मांडी घालून तसेच बसले. भागामावशी बाजूला सुपारी कातरत होती.

“मावशी,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “तुमी कसं करता?”

“काय कसं करतो? बोंबलतो, नाई त चूप राहतो. दोन्हीत वाळते.”

“मंग?”

“मंग काय. पुढच्या साली रोवतो.”

मग काकांनी माझ्याकडे वळून जे म्हटलं त्यासाठी मी पुण्याची नोकरी सोडली होती. “परत लाव,” ते म्हणाले.

यानंतर काकांनी खऱ्या पाटातून टोकाला पाणी सोडलं, असं वाचकांना वाटेल. मलाही वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाणी पूर्वी जायचं तसंच जातं आणि ट्रॅक्टर त्यांचाच आहे. खेळाने माणूस बदलतो असं या धंद्यातले लोक व्यासपीठावरून सांगतात. माझा अनुभव एवढाच की तो पुन्हा खेळायला येतो.

दिवाळीला थोडे दिवस उरले असताना रेवतीचा फोन आला. आवाज बसलेला होता. “सकाळपासून हरतेय, दादा. घरून निघालेच नाही. तो सातवा चौकोन कोण आहे? किती नीच आहे तो. मी घेतेय हा खेळ, आता फोन ठेवते.” सुनंदाने इस्त्रीचे सदरे कपाटात ठेवून दिले. शाळेच्या लोकांकडे मी स्वतः जाऊन दिलगिरी व्यक्त केली. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

‘तुडुम’ फार मोठा चालला नाही, पण चालला. जिथे धान नाही, पाट नाही, अशा देशांतून लोक लिहितात. पहिला आला तो राग होता. एका परदेशी माणसाने लिहिलं होतं की त्याची टोकाची बांधी सलग वाळते आहे, त्याने काहीही वाईट केलेलं नाही, आणि हे ज्याने बनवलं त्याला लाज वाटली पाहिजे. मला वाटलीच. मी उत्तर लिहायला घेतलं, पहिला शब्द ‘क्षमस्व’ असा लिहिला, आणि तलावात थोडं पाणी वाढवता येईल का ते मनातल्या मनात पाहू लागलो. मग उत्तर पुसलं आणि पाटावर चक्कर मारून आलो.

काही दिवसांनी त्याच माणसाचं पुन्हा पत्र आलं. त्याने टोकावरून पीक काढलं होतं. कसं काढलं ते त्याने सविस्तर लिहिलं होतं. खाली एक ओळ होती की वरून पहिला जो चौकोन आहे त्याचा तो मनापासून द्वेष करतो, आणि त्याच्या बायकोलाही तो आवडत नाही.

मुरारी काका तेव्हा सातबारा काढायला आले होते. मी त्यांना वाचून मराठीत सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्याने राहवत नाही. काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“कुठचा आहे म्हनतोस?”

“समुद्रापलीकडचा.”

“त्याची बायकोही?”

“हो.”

“त्याईले नाव माहीत आहे का माहं?”

“नाही, काका. तिथे नुसता चौकोन आहे.”

“मंग लिवून टाक,” ते म्हणाले. “चौकोनाखाली. पुरं नाव, आन् गावाचंही.”

मी नाही म्हणालो. का नाही ते समजावूनही सांगितलं, की काका, नाव लिहिलं तर तिथे तुम्ही एकटेच बसाल, आणि आता जो खेळायला येतो तो आपल्या आयुष्यातला वरचा माणूस तिथे बसवतो. त्यांना ते पटलं नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, मग भागामावशीला घेऊन आले. तिने “लिव ना रे, बिचारा इतकं म्हनते त,” अशी शिफारसही केली. मी नाहीच म्हणालो.

तेव्हापासून मुरारी काका माझ्याशी बोलत नाहीत. सातबारा काढायला ते अर्जुनीला जातात. रस्त्यात दिसले की अजून ‘माफ करा, काका’ माझ्या तोंडून निघून जातं. ती एक ओळ लिहायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत. मी ती लिहिलेली नाही.